अंगठ्याखाली बारा बटणं

खोकं उघडेना.

दुकानाच्या गुळगुळीत काउंटरवर ती उजव्या हाताने झाकण ओढत होती, आणि ते माऊसचं प्लॅस्टिकचं खोकं ओल्या साबणासारखं निसटत पुढे पुढे पळत होतं. काउंटरमागचा विक्रेता फोनवर बोलता बोलता बघत होता. आधी तिच्या उजव्या हाताकडे, मग गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेल्या डाव्या हाताकडे, मग घाईघाईने छताकडे. शेवटी त्याने फोन कानापासून दूर धरला आणि म्हणाला, द्या, मी देतो उघडून.

"नको," ती म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी आलं. उंच, किंचित वाकून चालणारा, भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने काही विचारलं नाही. हातातला विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर त्याने खोक्याच्या पलीकडे आणून ठेवला – जणू सबंध दुकानात तो ठेवायला दुसरी जागाच नव्हती – आणि आला तसा परत गेला. खोकं त्या लोखंडाला जाऊन टेकलं. थांबलं. तिने एका हिसक्यात झाकण उघडलं.

मग तिने वळून पाहिलं. आतल्या टेबलाशी तो पाठमोरा बसला होता, अगदी कामात बुडाल्यासारखा. कान मात्र लाल झाले होते.

तिला सगळे डावी म्हणत. शाळेत डाव्या हाताने लिहायची म्हणून पडलेलं नाव. पुढे ऑनलाइन खेळायला लागली तेव्हा तिथेही तिने तेच घेतलं. दोन वर्षांपूर्वी वळणावरच्या बारीक खडीवरून तिची स्कूटर घसरली, खांदा रस्त्यावर आपटला आणि मानेकडून हातात उतरणाऱ्या नसा तुटल्या. हात राहिला, पण नुसता लटकलेला. हलत नव्हता आणि त्याला काही कळतही नव्हतं. तेव्हापासून लोक तिला त्या नावाने हाक मारायला बिचकायला लागले. तिने कुणाला बिचकू दिलं नाही. कुणी अडखळत दुसरं काही म्हणालंच तर ती ओ द्यायची नाही, बस्स.

पाट्यांच्या कारखान्यात ती अक्षरं आखायची. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, नव्या इमारतींच्या पाट्या. जगात पाट्या टाकणारे पुष्कळ, पण पाट्या मन लावून करणारी ही एकच, असं तिथे गमतीने म्हणत. उजव्या हाताने आखायला ती चार महिन्यांत शिकली होती. राहिला होता तो खेळ.

खेळ पाच जणांच्या संघाचा. चौघं लढणार आणि पाचवा त्यांच्या जखमा भरणार. ती पाचवी, संघाची वैद्य. पूर्वी तिचा एक हात कीबोर्डवर आणि एक माऊसवर असायचा. अपघातानंतर संघाच्या प्रमुखाने तिची जागा धरून ठेवली होती. खेळात त्याचं नाव सुभेदार. प्रत्यक्षात तो दूरच्या एका शहरात चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. महिन्याभराने मोठी स्पर्धा होती आणि आता सुभेदाराला दुसरा एक वैद्य सापडला होता. त्याने तिला फार जपून, शब्द चाचपत सांगितलं होतं – तोपर्यंत जमलं तर तू आहेसच… नाही जमलं तरी आपली मैत्री काही जात नाही. त्या 'नाही जमलं तरी'ने तिला आतून पेटवलं होतं.

म्हणून तिने सगळी चौकशी केली. अंगठ्याच्या बाजूला बारा बटणं असलेला माऊस मिळतो. त्याची नेहमीची दोन बटणं एकदम दाबून धरली की खेळातलं माणूस पुढे चालतं. म्हणजे चालणं दोन बोटांवर, औषधं अंगठ्यावर. दुसरा हात लागतोच कशाला? स्पर्धेचा एकच नियम कडक होता: एका दाबाला एकच कृती. एक बटण दाबून तीन-चार कामं आपोआप करून घेणारी जोडणी सापडली की अख्खा संघ बाद.

विक्रेत्याने तीन माऊस काढून दिले आणि तिघांचंही एकच कौतुक सांगितलं – यात सात रंगांचे दिवे लागतात. तळहाताखालचे दिवे मला दिसणार कसे, असं तिने विचारल्यावर त्याने दिवे बंद करून टाकले. पहिल्याची बटणं इतकी ताठ होती की अंगठ्याने दाबायला गेलं की माऊसच उजवीकडे सरकायचा. दुसऱ्याची बटणं इतकी सपाट की कुठलं कुठे संपतं ते अंगठ्याला उमगायचं नाही. तिसरा सगळ्या बाबतीत चोख होता. फक्त एखाद्या पैलवानाच्या पंजासाठी घडवलेला. मागच्या तीन बटणांपर्यंत तिचा अंगठा पोचतच नव्हता.

"तिसरा घ्या," आतून आवाज आला.

"मोठा होतो."

"लहान करू."

ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारे कागद, वितळलेल्या कथलाचा आणि राळेचा उग्र, तरी हवाहवासा वास. "माऊस लहान करतात?" तिने विचारलं.

"विजार लांब झाली तर आपण पाय वाढवत नाही, मॅडम," तो वर न बघता म्हणाला.

तिला हसू आलं. ते लपवायला तिने खिडकीबाहेर पाहिलं.

दुकानात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वय जेमतेम तीस, पण बिघडलेली कुठलीही वस्तू आधी त्याच्या पुढ्यात जायची म्हणून हे नाव. बोलायचा कमी. बोटांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग. माऊस तिने घेतला आणि त्याच्याकडेच ठेवला; तोवर सरावाला सपाट बटणांचा तो दुसरा माऊस उसना नेला. मागचं टरफल कापून आखूड करायचं, बटणांची पट्टी पुढे सरकवायची, आणि अंगठ्याला न बघता जागा कळावी म्हणून मधल्या एका बटणावर कथलाचा थेंब बसवायचा, असं ठरलं. त्यासाठी माप हवं होतं. त्याने मेणाचा एक गोळा मऊ करून तिच्यासमोर धरला.

"अंगठा द्या."

"सही येते मला."

या वेळी तो हसला. पटकन, आवाज न करता, डोळ्यांनीच. मेणात अंगठा दाबताना तिला त्याच्या बोटांची ऊब लागली आणि तिने अंगठा गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तसाच ठेवला… मेण नीट उमटावं म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग ती जेवणाच्या सुट्टीत रोज जायला लागली. कारखाना तिथून चार मिनिटांवर. शिंप्याकडे जावं तशी ती जायची. तो टरफल कानसून ठेवायचा, ती पंजा ठेवून बघायची, इथे टोचतंय म्हणायची, तो परत कानसायचा. ती डबा तिथेच उघडायची. पहिल्या दिवशी तो ट्रान्सफॉर्मर डब्यामागे आला. दुसऱ्या दिवसापासून तो तिथेच राहायला लागला.

खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने एकदा विचारलं की तुमचे बाकीचे चौघं शत्रूला मारतात, मग तुम्ही कुणाला मारता?

"मी कुणाला मारत नाही. मी मरू देत नाही."

त्याने कानस खाली ठेवली. मग म्हणाला, माझंही काम साधारण तेच की.

दुकानाचा शेठ येता-जाता घसा खाकरायला लागला होता. एका माऊसला किती दिवस लागतात रे मिस्त्री, असं त्याने तिच्यादेखतच विचारलं. मिस्त्रीने फार गंभीरपणे सांगितलं की हात नाजूक आहे, घाई करून चालणार नाही. माऊसचा हात की माझा, असं तिने शेठ गेल्यावर विचारलं. त्याने भिंगाचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि मान खाली घातली. आडोशाला दुसरं होतं काय त्याच्याकडे.

घरी मात्र वेगळंच वारं होतं. घरात ती आणि आई, दोघीच. आई तीस वर्षं परिचारिका होती. माणसाच्या सांध्यांचं काय होतं ते तिने जवळून पाहिलं होतं. दिवसभर कामाला तोच हात, घरी आल्यावर खेळायलाही तोच – हे तिला बघवत नव्हतं. "एक गेला," ती म्हणाली, "दुसरा तरी राहू दे."

"हा वापरायलाच उरलाय, आई. जपून ठेवायला नाही."

भांडी त्या दिवशी जरा जोरात विसळली गेली.

शनिवारी माऊस तयार झाला. दिव्यांची पट्टी त्याने काढूनच टाकली होती. तिचा पंजा त्यावर असा बसला, की जणू तो माऊस आजवर तिचीच वाट बघत होता. तिने बाराही बटणं डोळे मिटून दाबून पाहिली. डोळे उघडले तेव्हा तो तिच्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होता.

रविवारी सकाळी सरावाच्या खेळात तिने चमत्कार केला. चौघांपैकी एकही पडला नाही. सुभेदार हेडफोनमधून खुळ्यासारखा ओरडत होता की तू तर पूर्वीपेक्षा जलद झालीस. तीही हसत होती… आणि हळूहळू हसायची थांबली.

तिला सगळ्यात अवघड जायची ती एक साखळी होती. ढाल, मलम, फुंकर – तीन वेगळी बटणं पाठोपाठ दाबायची. अंगठा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हमखास अडखळायचा. आज एकदाही अडखळला नव्हता. तिने ढालीचं बटण एकदाच दाबलं आणि अंगठा उचलून हवेत धरला. पडद्यावर ढाल आली. मग आपोआप मलम. मग आपोआप फुंकर. ठक, ठक, ठक, घड्याळासारखं.

सोमवारी दुकान उघडताना ती दारात होती. दोन गिऱ्हाईकं होती, विक्रेता होता, शेठ होता. तिने कुणाचीच पर्वा केली नाही. सरळ आत जाऊन तिने माऊस त्याच्या टेबलावर ठेवला.

"ढालीच्या बटणात काय घातलंयस तू?"

तो उठून उभा राहिला. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही. रोज डबा खाताना ती सरावाची चित्रफीत त्याला दाखवायची. अंगठा कुठे अडतो ते त्याने तिथे पाहिलं होतं. अर्ध्या क्षणाचा फरक. तेवढ्यासाठी ती तिची जागा गमावणार. माऊसच्या पोटातच तीन कृती एकत्र बसवल्या की कुणाला दिसणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

"मला… तुम्हाला हरलेलं बघवलं नसतं," तो म्हणाला.

"मग बघू नकोस. पण हरायचं की नाही ते मी ठरवीन. मला खेळायचंय, खेळल्यासारखं दाखवायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "दोन वर्षं सगळं जग माझी खोकी उघडायला धावतंय. मला वाटलं होतं, तू एकटा तरी त्यातला नाहीस."

त्याने माऊस संगणकाला जोडला आणि तिच्या डोळ्यांदेखत ते सगळं पुसलं. एक बटण, एक कृती. बाराही बटणं एकेक करून तपासून दाखवली. तिने माऊस उचलला, पिशवीत टाकला आणि निघून गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. कोपऱ्यापर्यंत ती ताठ चालत गेली. वळण घेतल्यावर मात्र तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसावं लागलं.

पुढचे अठरा दिवस ती त्या रस्त्याला फिरकली नाही. रोज संध्याकाळी ढाल-मलम-फुंकर, तीनशे वेळा. अंगठ्याला फोड आला, फुटला, घट्टा पडला. आई ते बघायची, चिडायची आणि मग गरम पाण्याची पिशवी आणून मनगटाखाली सरकवायची. सुभेदाराला तिने सगळं खरं सांगून टाकलं: त्या रविवारचा तो वेग माझा नव्हता, माझा वेग हा आहे, बघ आणि ठरव. त्याने चार सराव पाहिले. शेवटच्याला तो म्हणाला, दुसऱ्या वैद्याला मी राखीव ठेवतो, जागा तुझी.

ही बातमी तिला ज्याला सांगायची होती त्याला सांगता येत नव्हती. राग होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते रोज दुपारी डबा उघडताना उगाच वर यायचं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पाच नंबरचं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा वाजायचं. हे दुरुस्त करू शकणारा माणूस गावात एकच होता.

ती गेली तेव्हा दुपार होती आणि दुकान रिकामं होतं. मिस्त्री संगणकासमोर बसला होता, जीभ दातात धरून, दोन्ही हात कीबोर्ड-माऊसवर. पडद्यावर तिचाच खेळ चालू होता. तिच्यासारखाच एक वैद्य चार लढवय्यांमागे धावत होता, आणि बघता बघता चौघंही धारातीर्थी पडले. पाठोपाठ वैद्यही.

त्याला मागे कुणीतरी असल्याची जाणीव झाली. तो दचकून उठला, खुर्ची पडता पडता वाचली.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"अठरा," तो म्हणाला. मग स्वतःलाच ओशाळून त्याने मान खाजवली. "मी काय पुसलं ते कळायला हवं होतं. आणि आधी… मी काय केलं होतं ते." थोडा थांबून तो म्हणाला, "दोन्ही हात वापरून मला आजवर एकही माणूस वाचवता आलेला नाही. एकदाच एक जण वाचला. तो माझ्यापासून लांब पळाला होता म्हणून."

तिने ओठ दाबून धरले. खूप प्रयत्न केला. मग ती हसली – खळखळून, डोळ्यात पाणी येईपर्यंत – आणि टेबलाच्या कडेला टेकली. त्याने माऊस घेतला, बटण उघडलं, आतला इवलासा खटका काढून नवा बसवला, कथलाचे दोन डाग दिले. घ्या, बघा, तो म्हणाला, आता तुम्हाला त्रास देणार नाही.

"त्या सोमवारी मी तुला तू म्हणाले होते," ती म्हणाली. "ते मी परत घेतलेलं नाही."

तो गडबडला. "तेव्हा तुम्ही रागात…"

"मग आता शांतपणे म्हणते. तू."

माऊस देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर राहिली. मग दुकानाच्या पुढच्या भागातून शेठ खाकरला.

रविवार उजाडला. आठ संघ, सकाळी दहापासून सामने, प्रत्येक जण आपापल्या घरून खेळणार. पहिला सामना त्यांनी सहज मारला. दुसरा अटीतटीचा झाला. शेवटच्या दोन मिनिटांत सुभेदार चार वेळा मरणाच्या दारात गेला आणि चार वेळा तिने त्याला खेचून आणलं. ढाल-मलम-फुंकर, ढाल-मलम-फुंकर. जिंकल्यावर हेडफोनमध्ये कल्लोळ माजला.

दहा मिनिटांनी तो थांबला. हरलेल्या संघाने आक्षेप घेतला होता. त्यांचं म्हणणं, ही वैद्य नियम मोडून खेळते. तिच्याबद्दल असं ऐकलंय की तिला एकच हात आहे, आणि एका हाताने असा वेग शक्यच नाही. पंचांना माऊसची जोडणी आणि खेळताना हात, दोन्ही कॅमेऱ्यावर बघायचं होतं.

संघातल्या बाकी तिघांना तिच्या हाताचं काहीच माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. सुभेदार हळूच म्हणाला, तुला नको असेल तर राहू दे… राखीव वैद्याला उतरवतो, वाद कशाला वाढवायचा. तो चांगल्या मनानेच बोलत होता. सगळे चांगल्या मनानेच बोलतात, तिच्या मनात आलं.

"कॅमेरा कुठून धरायचा ते विचार त्यांना," ती म्हणाली.

जोडणी तिने पडद्यावर उघडून दाखवली. बारा बटणं, बारा कृती. आता हात दाखवायचा, तर फोन कुणीतरी धरायला हवा होता. तिने मान वळवली. आई दारातच उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि शेजारी येऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला. इतकी वर्षं सुया टोचणारे हात ते, जराही हलले नाहीत.

पंचांनी तीच साखळी दहा वेळा करायला सांगितली. तिने केली. अंगठ्यावरचा घट्टा अगदी जवळून दिसत होता. नवव्या वेळी तो किंचित अडखळला, दहाव्या वेळी नाही. यंत्राचं अंतर दर वेळी सारखं असतं, पंच म्हणाले, यांचं प्रत्येक वेळी वेगळं आहे. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं की… दुसरा हात कुठे आहे?

आईने फोन सावकाश फिरवला. माऊसवरून कोपरावर, कोपरावरून गळ्यातल्या पट्ट्यावर, पट्ट्यातल्या सुजलेल्या, निश्चल बोटांवर. तिथे तिने तो धरून ठेवला.

"नीट बघून घ्या," आई म्हणाली. रुग्णाच्या नातेवाइकांना वॉर्डबाहेर काढतानाचा तिचा तो जुना आवाज होता. "पुन्हा दाखवणार नाही."

आक्षेप फेटाळला गेला. संघातला एक जण, एरवी शिव्यांशिवाय वाक्य न बोलणारा, फक्त "डावे…" एवढंच म्हणाला.

अंतिम सामना ते हरले. शेवटच्या मिनिटाला ढालीऐवजी तिने शेजारचं बटण दाबलं आणि सुभेदार पडला. चूक तिची होती. पूर्ण तिची, दुसऱ्या कुणाचीच नाही. तिने हेडफोन काढून ठेवले. वाईट वाटत होतं, चांगलं सणसणीत वाईट. आणि ते कुणी तिच्यापासून लपवून ठेवलं नव्हतं याचा एक आडमुठा अभिमानही वाटत होता.

मग ती उठली, तोंड धुतलं, चपला घातल्या. आईने विचारलं, कुठे?

"दुकानात."

"आता काय बिघडलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणूनच जाते."

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मिस्त्री दुकानाबाहेर पायरीवर उभा होता. सामने त्याने दुकानातल्या संगणकावर पाहिले होते, सगळे. चेहऱ्यावरून कळतच होतं. तो काहीतरी बोलायला गेला. बहुतेक चांगलं, समजुतीचं. तिने हात वर केला.

"आधी मला विचारू दे. तू माझ्या मागे का आहेस?"

तो चपापला. मग म्हणाला, "लोक म्हणतील, कीव आली म्हणून…"

"लोकांचं सोड. तुला आली होती?"

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता.

"आली होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी, खोकं निसटत होतं तेव्हा. मग तू विजारीच्या बोलण्यावर हसलीस आणि ते लपवलंस, तेव्हा थोडी गेली. सोमवारी सगळ्यांसमोर झापलंस तेव्हा उरलेली गेली. आता दुपार झाली की दारावर कुणी आलं तरी मी वर बघतो. अठरा दिवस मान दुखत होती माझी."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. कुठे काही पोकळ वाजतंय का, ते ऐकल्यासारखं. वाजलं नाही.

"मग ऐक," ती म्हणाली. "मी हट्टी आहे. आईला तू अजून माहीत नाहीस, आणि माहीत झाल्यावर ती हजार प्रश्न विचारणार. मी खेळणं सोडणार नाही. पुढच्या स्पर्धेत कदाचित पुन्हा हरेन. आणि माझी खोकी मी उघडणार."

"उघड," तो म्हणाला. "मी फक्त पलीकडे उभा राहीन."

"आणि मला तू आवडतोस," ती म्हणाली, जणू कुणीतरी तिला मनाई करणार होतं आणि त्याला ती उत्तर देत होती.

तो हसला. डोळ्यांनी, ओठांनी, सगळ्या उंच वाकलेल्या देहाने. शेठला हाक मारून त्याने सांगितलं की आज मी लवकर निघतो. आतून खाकरणं आलं, पण नकार आला नाही.

दोघं तिच्या घराच्या दिशेने चालायला लागले. तिच्याबरोबर चालणारे सगळे नेहमी तिच्या उजव्या बाजूने चालत, अगदी आईसुद्धा. तो डाव्या बाजूने चालत होता. चौकापाशी गाड्यांची रांग थांबेपर्यंत उभं राहायचं होतं, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, नजरेनेच विचारलं. तिने मान हलवली. त्याने पट्ट्यातला तिचा डावा हात अलगद सोडवून आपल्या हातात घेतला.

तिला तो दिसला, पण लागला नाही.

"त्या हातात मला काही कळत नाही," ती म्हणाली.

"मला कळतंय," तो म्हणाला. "गार आहे. उद्यापासून हातमोजा घाल."

रस्त्यापलीकडे तिच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याशी आई उभी होती. तिने त्यांना पाहिलं होतं. कपडे वाळत घालता घालता ती थांबली होती. शेजारच्या दोन गॅलऱ्यांमधूनही माना बाहेर आल्या होत्या. मिस्त्रीची पकड सैल व्हायला लागली.

"सोडू नकोस," डावी म्हणाली. गाड्या थांबल्या. वर बघत, मान ताठ ठेवून, तिने रस्ता ओलांडायला पहिलं पाऊल टाकलं.